मोगऱ्याला उकळतं पाणी

कोरोनातला राग माझ्या मनातून अजून गेला नाही बघा. गंगाखेडला मी घरोघरी फुलपुडी द्यायची. देवळं, लग्नं बंद झाली आणि हाताशी चारच घरं उरली. त्यातल्या मास्तरीण बाईंनी एकदा फाटकातूनच सुनावलं, “शिळी फुलं द्यायलीस तू. घरात नेली की काळी पडायलीत. उद्यापासून येऊ नको.”

“बाई, पहाटे तोडलेला मोगरा हाय.”

तेवढ्यात आतून सून म्हणाली, “आई, पाणी उकळलं, फुलं आणता का टाकायला?”

मी म्हटलं, “तुमीच फुलं उकळता, अन् शिळी मला म्हणता?”

“मग तशीच देवाला वाहू? तुझा हात लागलेला असतो.”

आठ वर्षं हाच हात त्यांच्या देवाला चालला होता. मी पुडी परत पिशवीत टाकली. म्हटलं, “मग नुसतं पाणीच वाहा.”