खाली भट्टी, वर खोली

(कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकापाशी. बेकरीवाले सासरे, त्यांची सून आणि वकीलबाई.)

सासरे : पुन्हा एकदा सांगा, वकीलबाई. आत त्या पंख्याच्या घरघरीत मला एक अक्षर धड ऐकू आलं नाही.

वकीलबाई : बेकरी वाचली, काका. पाडायचा हुकूम कोर्टानं रद्द केला.

सासरे : रद्द म्हणजे पुढची तारीख नाही ना?

वकीलबाई : रद्द म्हणजे रद्द. किनाऱ्यावरच्या बांधकामांचा कायदा यायच्या आधीपासून तुमची भट्टी तिथं आहे, हे न्यायाधीशांनी मान्य केलं. शिवाय तुमचं म्हणणं न ऐकताच दारावर नोटीस चिकटवून गेले, त्यावरून सरकारी वकिलांची चांगलीच कानउघाडणी झाली.

सून : मामंजी, आधी बसा. सकाळपासून उभेच आहात.

सासरे : राहू दे उभा. समोरचं हॉटेल पाडलं ना, त्या दिवसापासून कान रस्त्याकडंच असायचे गं माझे. कुठं ट्रक वाजला तरी वाटायचं, आली आपली पाळी. हसतेस काय?

सून : सकाळी निघताना तुम्ही भट्टीवर हात ठेवून उभे होतात. मला वाटलं, निरोप घेताहेत.

सासरे : निरोपच घेत होतो.

वकीलबाई : फक्त एक आहे, काका. वरची खोली काढावी लागेल.

सासरे : वरची? ती का म्हणून?

वकीलबाई : ती कायदा आल्यानंतरची आहे. आणि परवानगीही घेतलेली नव्हती.

सासरे : माझ्या मुलानं बांधलीय ती! लग्न ठरलं तेव्हा. दिवसभर पाव विकायचा आणि संध्याकाळी स्वतः विटा वर चढवायचा. तो गेला, आता तेवढंच उरलंय त्याचं. अपील करा. वरच्या कोर्टात जाऊ.

वकीलबाई : त्याबद्दल तुम्ही... ताईंशी बोला.

सासरे : हिच्याशी काय बोलू?

सून : मीच सांगितलं होतं त्यांना, मामंजी. खोली आम्ही सोडतो, असं कोर्टाला लिहून द्या म्हणून.

सासरे : तू?

सून : हॉटेलवाल्यांनी सगळंच धरून ठेवलं आणि सगळंच घालवून बसले. आपलंही तसंच झालं असतं.

सासरे : मला विचारलं नाहीस.

सून : विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात.

सासरे : म्हणालोच असतो!

सून : माझा संसार त्या खोलीत झाला. तुमच्यापेक्षा मला कमी लागलं असेल? सही करताना दोनदा पेन खाली ठेवलं. पण खालची भट्टी विझली असती, तर वर बसून आपण काय खाल्लं असतं?

वकीलबाई : मी निकालाची प्रत कधी मिळेल ते विचारून येते. बसा तुम्ही दोघं.

सून : बोला ना काहीतरी. रागवा हवं तर.

सासरे : गळायचीच तशी.

सून : काय?

सासरे : खोली. स्लॅबचा उतार चुकलाय म्हणून मी त्याला घसा फोडून सांगत होतो. ऐकेल तर शपथ!

सून : आम्ही पातेली मांडून झोपायचो. मी कुरकुरले की म्हणायचे, एवढा समुद्र शेजारी आहे, त्यातला थोडा आत आला तर काय बिघडलं?

सासरे : असंच बोलायचा गाढव. तू हसतेस की रडतेस?

सून : माझं मलाच कळत नाहीये. पण मोकळं वाटतंय.

सासरे : मलाही. म्हणायला जीभ रेटत नाही, पण मलाही. मुदत किती दिलीय?

सून : भरपूर आहे. घाई नाही.

सासरे : मग पाडायला मशीन आणायचं नाही. आपण उतरवू, एकेक वीट.

सून : आणि तुमची कंबर?

सासरे : तू गवंडी घेऊन वर चढ. मी खाली उभा राहून चुका काढतो.

सून : ते काम झकास जमेल तुम्हाला.

सासरे : आणि समुद्राकडची ती खिडकी चौकटीसकट काढायची हं. स्वतः रंधा मारून केलीय त्यानं.

सून : लावायची कुठं पण?

सासरे : ते बघू. आधी हळूच निघू दे.