हंगामात घाणा थांबवल्याबाबत

नाव लस्साद सालह घरसल्ली, वय २३ वर्षे, शिक्षण नववीपर्यंत, धंदा तेलघाण्यावर वजनकाट्याचा कारकून, राहणार कसूर एस्साफ, जिल्हा महदिया.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मंगळवार, दिनांक ३ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी दहा वाजता मी हाज मबरूक यांच्या घाण्यावर संगणकात अपडेट चढवत होतो. हाच संगणक ऑलिव्हचे वजन नोंदवतो आणि यंत्रही चालवतो. त्यातल्या एका गंभीर त्रुटीतून चोर आत शिरू शकतात, असा इशारा आला होता. शेजारच्या गावातला घाणा तसाच बंद पडला. कोणाच्या पोत्यांचे किती तेल, हे तिथे आज कोणालाच सांगता येत नाही. आमच्याकडे चारशे घरांचा माल आहे. म्हणून मी हाजच्या मागे लागलो होतो. शेवटी ते म्हणाले, "बरं बाबा, टोच तुझी लस. तोवर मी हमामात जातो. हंगाम लागल्यापासून पाठ धड घासलेली नाही."

मी यंत्र थांबवले आणि दार आतून लावले, कारण मध्येच कोणी वीज बंद केली तर सगळेच गेले असते.

आमच्याकडे हंगामात घाणा रात्रंदिवस चालतो. मालकाच्या घरी कोणी वारले तरच थांबतो. हाज विधुर असून एकटे राहतात. हे मला माहीत होते, पण माझे लक्ष पडद्यावरच्या टक्क्यांकडे होते. मृत्यूची बातमी मी कोणालाही दिलेली नाही.

अपडेट पूर्ण झाले. चारशेच्या चारशे नावे जागेवर होती. ती मी दोनदा तपासली. यंत्र सुरू करायला मालकाची परवानगी लागते, म्हणून आनंदाने हाजच्या घरी गेलो. रस्ता गाड्यांनी अडला होता. दारात खुर्च्या मांडल्या होत्या. शेजारच्या वसीलामावशींनी मयताच्या जेवणासाठी कुसकुसचा टोप चुलीवर चढवला होता. हाजचे धाकटे भाऊ तिजानी बांधाच्या भांडणावरून नऊ वर्षे त्यांच्याशी बोलत नव्हते. ते भिंतीला डोके टेकून मोठ्याने रडत होते.

तेवढ्यात हाज खांद्यावर टॉवेल टाकून आले आणि विचारू लागले, "कोण गेलं?"

मग वसीलामावशी म्हणाल्या, "तूच की रे. आणि कुसकुस शिजत आलंय, आता माघार घेऊ नकोस."

तिजानीकाका पुढे झाले. "जिवंत होतास तर फोन उचलायचास ना, गाढवा," असे म्हणून ते हाजच्या गळ्यात पडले.

हाज म्हणाले, "नऊ वर्षांत आजच केलास होय?"

नंतर घाणा सुरू झाला. ताजे तेल आणून सर्वांनी त्यात भाकरी बुडवून खाल्ली. गर्दी हटवायला आलेल्या दोन पोलिसांनीही खाल्ली. पुढच्या अपडेटच्या आधी, हाज जिवंत आहेत असे मशिदीच्या भोंग्यावरून जाहीर करण्यास मी तयार आहे.

हा मजकूर मोठ्याने वाचला गेला तेव्हा दोघे भाऊ बाकावर शेजारी बसले होते. तिजानीकाका म्हणाले, "ते 'मोठ्याने रडत' तेवढं काढा." हाज म्हणाले, "राहू द्या. मला ते घरी परत वाचायचंय." ते राहू दिले आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे, म्हणून सही करतो.