धायटीवरचं पोळं

भागीदारी हा शब्द माझ्यासमोर काढू नका राव, चहा कडू लागतो.

चाकणच्या एका कंपनीने मधमाश्यांसाठी आवारातली पडीक जागा दिली. शेजारच्या गावातल्या पारूमावशीने डोंगरावरून धायटी, निर्गुडी, तरवडाची रोपं आणली. आमच्या निसर्गप्रेमींच्या ग्रुपने दर रविवारी तळेगावाहून जाऊन ती जगवली. दोन वर्षांनी धायटीला लालभडक फुलं आली आणि फांदीवर तळहाताएवढं पोळं लागलं. मावशी म्हणाली, "लेक माहेरी आल्यावानी वाटतंय बघा."

फोटो हेड ऑफिसला गेला. मोठे साहेब म्हणाले, पोळं बघायला मी स्वतः येतो.

इथेच घात झाला. आपल्याकडे व्हिजिट म्हटली की कंपनीवाले झाडांच्या खोडांनाही गेरू फासतात!

साहेब आले. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. बघतो तर सगळी झुडपं चेंडूसारखी गोल कापलेली, फूल औषधालाही नाही. शेजारी नवा कोरा बोर्ड: 'मधमाश्यांचं हक्काचं घर'.

साहेबांनी विचारलं, "पोळं कुठंय?"

अ‍ॅडमिनचा मॅनेजर छाती फुगवून म्हणाला, "काळजीच नको सर! तुम्ही येणार म्हणून कालच पेस्ट कंट्रोल करून घेतलं. एक माशी चावणार नाही."

साहेब म्हणाले, "गुड."

मावशी बोर्डापुढे वाकून मेलेल्या माश्या पदरात वेचत होती. माझ्या तोंडात शिवी आली होती, तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला,

"ओ मावशी, बाजूला व्हा जरा, 'हक्काचं घर' दिसत नाहीये!"