हरणाबाईच्या कानातला आवाज

आवं व्हय मॅडम, चालू हाय, एकदम चालू हाय, लावूनच दावतो की — त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतोय, हितं बसा. ह्योच स्कोप. लाट दावायची मशीन, तुमी फिजिक्स शिकवताय, तुमास्नी काय सांगायचं. विश्रामबागेतनं एवढ्या लांब कवठे महांकाळला आलाय, एका जुन्या स्कोपसाठी, म्हंजे तुमाला बी खुळच हाय म्हणायचं, माझ्यासारखं. मी मिल्ट्रीत हुतो, बावीस वर्षं, सिग्नलला. हवालदार कृष्णात. सुटून आलो तरी हात सवयीचं, गप बसवत न्हाई — मग ह्यो बोर्ड घेतला, कंप्यूटरला जोडायचा. बघा, काड्याच्या पेटीएवढा हाय. ह्येच्यातनं पाहिजे ती लाट काढतो मी. एका लाटंचं दोनशे छप्पन आकडं करायचं, तक्ता बनवायचा, बोर्ड त्यो तक्ता भराभरा वाचतो, म्होरं एक रेझिस्टर अन् एक कपॅसिटर लावला की पायऱ्या गुळगुळीत — झाली लाट. तिच्यात दुसरी मिसळा, तिसरी मिसळा, एकीनं दुसरीला हलवा. बासरी निघती. रातकिडा निघतो. काय पाहिजे त्ये निघतंय.

तर मग विकताय कशाला? बरोबर इचारलं. आता काम न्हाई त्येचं.

जरा दमानं बोलतो हं — आत हरणाबाई हाय, मालकीण आमची. चहा टाकलाय तिनं. उजव्या कानानं चांगलं ऐकू येतं तिला. डाव्याचं वायलं हाय. डाव्या कानात तिच्या आवाज येतोय, तीन वर्षं झाली. कुठला आवाज, तर कुठलाच न्हाई, भाईर काय बी वाजत न्हाई, तिलाच येतोय. सारखा. जेवताना, निजताना, देवाला हात जोडताना बी. कशानं आला म्हंजे — वय, आन काय. वयानं व्हतंय असं. सांगलीला कानाच्या डॉक्टरकडं नेली, त्यो म्हणला, ह्येला औषध न्हाई, सवय करून घ्या. मी म्हणलं, सवय कशाला? आवाज म्हंजे लाट, अन् लाट म्हंजे माझं काम. आदी तिच्या कानातला आवाज हितं तंतोतंत बनवायचा, मग त्येची उलटी लाट काढायची. ती वर जाती तिथं हिनं खाली जायाचं. दोनी एकात आल्या की सपाट. थांबा, करूनच दावतो — ही एक. ही दुसरी. आता दोनी — बघा पडद्यावर. काय उरलं? काय न्हाई. किती सोपं हाय, न्हाई का?

आठ महिनं केलं, मॅडम. दुपारी भांडी आवरली की तिला हितं बसवायचो, कानाला हेडफोन. आकडा एकेक चढवत न्यायचा, सांगितलं हुतं, जवळ आलं की बोट वर कर. शिट्टीसारखा हाय का? न्हाई. मच्छरागत? न्हाई. मग कसा? तर म्हणायची, वल्ला हाय. आता वल्ला म्हंजे किती हर्ट्झ? सांगा तुमीच. कधी म्हणायची, लांब कुठंतरी मेंढरं वरडल्यागत, पण एकच मेंढरू, अन् थांबत न्हाई. धनगराची लेक ती, तिला दुसरं काय सुचणार. मी ते बी बनवलं, चार लाटा घालून. तरी न्हाईच. मग मी चिडायचो, बडबडायचो लय. हात न्हाई उचलला पर. म्हंजे — तवा न्हाई.

पाणी देऊ का? बरं.

तर एक दिवस बोट वर झालं. ह्योच, म्हणली. डोळ्यात पाणी आलं तिच्या. मला काय झालं म्हणून सांगू, मी त्यो आकडा भिंतीवर खडूनं लिवला. मग म्हणलं, ही तीन वर्षं ऐकती, आपुन एक दिवस ऐकून बघू. सकाळी आंघोळ करून हेडफोन घातला, डाव्या कानाला. चहा पिऊन झाला, पेपर उघडला, वाचवंना. जेवण गेलं न्हाई. बारा वाजायच्या आत काढून ठिवला मी, मॅडम. मला काढता आला.

मग उलटी लाट लावली. काय फरक न्हाई. जरा सरकवून लावली, मोठी केली, बारीक केली, महिनाभर. तुमी मान हलवताय म्हंजे तुमास्नी ठावं हाय. मला लय उशिरा कळलं — आवाज हवेतनं येतच न्हाई. कानातली बारीक तार तुटली की डोस्कं आपलं आपुनच वाजवत बसतंय. तिथं माझी वायर कुठनं जाणार? मिल्ट्रीत एवढं शिकलो, एवढं कळलं न्हाई.

तरी बी सोडलं न्हाई मी. अन् एक दिवस चुकून भलतीच फाईल लागली. पयल्या महिन्यातली, जिला ती न्हाई न्हाई म्हणली हुती. हिनं बोट वर केलं. ह्योच, म्हणली. मी म्हणलं, अगं ह्यो न्हाई. तिनं हेडफोन काढून ठिवला. मी म्हणलं, मग त्या दिवशीचा? तर म्हणली, तुमी थांबावं म्हणून म्हणलं. मी म्हणलं, मग खरा कसा हाय, त्येवढं तरी सांग. तर म्हणली, न्हाई सांगत. त्येवढा माझा ऱ्हाऊ द्या.

डॉक्टरनं इचारलं हुतं तिला, माझ्यासमोर. कानावर मार लागलाय का कधी? न्हाणीत पाय घसरला, म्हणली. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. न्हाणीत पडली न्हाई ती. नातीच्या, प्रांजलच्या, शाळंत प्रदर्शन हुतं, त्येच्यासाठी बोर्डावर हृदयाची लाट बनवत हुतो मी — ठोका पडतो तशी, पडद्यावर. लय अवघड लाट ती, बारकं टोक, मग मोठं, मग उतार. चार दिवसाचं काम. हिनं मिक्सर लावायला म्हणून कंप्यूटरची पिन काढली. सेव्ह केलं नव्हतं मी. चूक माझीच. अन् हात बी माझाच. एकच मारली. एकच, मॅडम — सगळ्या संसारात एकदाच. पर उघड्या पंजाची, कानावर. ती खाली बसली अन् म्हणली, काय तरी वाजतंय हो. अजून वाजतंय.

माफी? मागितली की. डाव्या बाजूला बसून मागितली. म्हणली, ऐकू आलं न्हाई. मग उजव्या बाजूला गेलो न्हाई मी. का गेलो न्हाई, त्ये मला —

कवापासनं उभी हाईस गं तू दारात? ठिव त्यो चहा. काय न्हाई, मशिनीचंच बोलत हुतो. मॅडमनी घेतली मशीन. वायर बी घ्या, मॅडम, पिशवीत घालून देतो. चहा घ्या आन निघा तुमी, एसटी चुकंल तुमची. निघा.