कुंडातलं पहिलं पाणी

गवंडीण: बास झालं की. नळ बंद करा आता. कंबरेपर्यंत पुरतं, असं तुम्हीच म्हणाला होतात बांधताना.

गवंडी: भरू दे अजून थोडं.

गवंडीण: थोडं थोडं म्हणता म्हणता छातीला लागलं. माणूस बुडवायचाय की म्हैस?

गवंडी: पाणी कमी पडलं तर कपाळ कोरडं राहतं. मग परत बुडवावं लागतं.

गवंडीण: बाप्तिस्मा काही परत परत देत नाहीत.

गवंडी: म्हणूनच. एकदाच काय ते नीट.

गवंडीण: … तो कोपरा राहिला बघा, शेवाळ आहे. नाही, शेवाळ कुठून येणार, कधी पाणीच नव्हतं. खुर्च्यांचा गंज आहे तो. एवढी वर्षं या कुंडात मोडक्या खुर्च्याच राहिल्या. आपली चिमी नदीत बुडून गेली तेव्हा मंडळीनं शपथ घातली, आता बाप्तिस्म्याला नदीवर कुणी जायचं नाही. तुम्ही हे बांधून दिलंत, आणि बांधून झाल्यावर आत पाय घालायची कुणाची छाती झाली नाही.

गवंडी: आज होईल.

गवंडीण: आणि पहिला पाय कुणाचा, तर त्याचाच. ज्याच्या होडीतून ती गेली त्याचा. अशी चेष्टा देवालाच जमते बाई.

गवंडी: पाळकसाहेब खूश आहेत.

गवंडीण: खूश? पायाला प्लास्टर आहे म्हणून, नाहीतर नाचले असते. सकाळपासून प्रत्येकाला धरून सांगतायत, क्षमेची याहून मोठी साक्ष कुठली, आता मंडळीला नवी पालवी फुटणार. तरणी पोरं सगळी पांगली, उरलो आपण म्हातारे कोतारे, खोकणारे. पालवी फुटायला झाड तरी जिवंत पाहिजे.

गवंडी: फुटेल.

गवंडीण: तुम्ही 'हो' का म्हणालात?

गवंडी: झालं का सुरू परत?

गवंडीण: थांबलंय कधी? आपली रीत आहे, पाळकानं पडद्यापलीकडून शब्द म्हणायचे, आणि बुडवणारा माणूस ज्याचा त्यानं निवडायचा. कुणी थोरल्या भावाला निवडतो, कुणी मित्राला. हा मेला अख्खी मंडळी सोडून तुमच्यावर बोट ठेवतो. आणि तुम्ही जेवायला बोलावल्यासारखे लगेच 'हो'!

गवंडी: सगळे माझ्याकडे बघत होते.

गवंडीण: लोकांच्या बघण्याला तुम्ही कधीपासून भीक घालायला लागलात? माझ्या बापाच्या बघण्याला घातली नाहीत ती.

गवंडी: मग तूच सांग का म्हणालो.

गवंडीण: मला काय ठाऊक. मला एवढंच ठाऊक आहे, की काल परसातल्या हौदावर तुम्ही सिमेंटचं पोतं आडवं धरून उभे होतात. मी खिडकीतून बघत होते. पोती उचलायची सवय तुम्हाला जन्माची आहे. तुम्ही उचलत नव्हतात. पाण्यात दाबत होतात.

गवंडी: काय विचारायचंय ते सरळ विचार.

गवंडीण: मी काहीच विचारत नाही. विचारलं की उत्तर येतं.

गवंडी: पडद्याच्या आत साक्षीला कोण राहणार आहे?

गवंडीण: मी.

गवंडी: तू? कुणी ठरवलं?

गवंडीण: मीच पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, आईसुद्धा! धन्य आहे.

गवंडी: तू बाहेर बस. सगळ्यांबरोबर गाणं म्हण.

गवंडीण: मी तिची आई आहे. जे काय होईल ते मला बघायचंय.

गवंडी: काय होईल असं वाटतं तुला?

गवंडीण: सांगितलं ना, मी विचारत नाही. मग तुम्हीही विचारू नका. नळ बंद करा. पाऊल वाजतंय, आला वाटतं तो.

(पडदा सरकवून होडीवाला आत येतो. अनवाणी, अंगात घोळदार पांढरा झगा.)

होडीवाला: येऊ का? म्हणजे, आलोच आहे म्हणा. हा झगा पाळकसाहेबांचा. माझ्या अंगावर म्हणजे बुजगावण्याला लग्नाचा कोट. दादा, नमस्कार. वहिनी…

गवंडीण: वहिनी म्हणू नकोस मला.

होडीवाला: बरं. चुकलो.

गवंडीण: मी पडद्याशी उभी आहे. पाळकसाहेब अजून प्रार्थनेत आहेत, त्यांची प्रार्थना लवकर आटपत नाही. तुमचं काय ते बोलून घ्या.

गवंडी: बोलायचं काही नाही. पाण्यात ये, हात छातीवर बांध, पाठ माझ्या हातावर टाक. बाकी मी बघतो.

होडीवाला: बाकी तुम्ही बघणार, ठाऊक आहे. पाळकसाहेबांनी शिकवलं मला सगळं. म्हणे, जुना माणूस पाण्यात पुरला जातो आणि नवा वर येतो. मी म्हटलं, साहेब, जुना गेला की माझं काम झालं. नवा नाही आला तरी तक्रार नाही. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

गवंडी: जिभेला फार सैल सोडू नकोस.

होडीवाला: आता शेवटचीच. म्हणजे, या बाजूची शेवटची. दादा, एक सांगायचं होतं. बाहेर सगळ्यांना सांगून आलोय, की माझी छाती कमजोर आहे. डॉक्टरनं गार पाण्यात उतरू नकोस म्हणून बजावलंय. पाळकसाहेब घाबरले, म्हणाले, दोन बादल्या गरम पाणी घालू. मी म्हटलं, नको, प्रभूवर भरवसा आहे.

गवंडी: मला हे कुणी बोललं नाही.

होडीवाला: तुम्हाला कशाला बोलायचं? खोटं आहे ते. छाती घोड्यासारखी आहे माझी.

गवंडी: मग सांगितलंस कशाला?

होडीवाला: उद्या कुणी विचारलंच, तर मंडळी म्हणेल, बिचाऱ्याची छातीच कमजोर होती. तुमच्याकडे बोट जाणार नाही.

गवंडी: … काय बोलतोयस तू?

होडीवाला: तुम्ही 'हो' म्हणालात ना, तेव्हा पाळकसाहेब तुमच्या तोंडाकडे बघत होते. मी हातांकडे बघत होतो. तुरुंगात राहिलेला माणूस आहे मी. कुणाचे हात काय म्हणतायत ते तिथं शिकावंच लागतं.

गवंडी: आणि ते कळूनही आलास?

होडीवाला: तेवढ्यासाठीच तर तुम्हाला निवडलं. आपल्या हातानं मला जमलं नाही. दोनदा काठावर जाऊन परत आलो. माझ्यासारखा भेकड माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही.

गवंडी: शिक्षा भोगलीस ना तू? प्यायला होतास, होडीत माणसं कोंबलीस, ते सगळं कबूल केलंस. मग आता हे काय?

होडीवाला: सगळं नाही केलं कबूल. कोर्टात म्हणालो, होडी उलटली, मी पोहत सुटलो, मला कुणी दिसलं नाही. वकिलानं तसंच बोल म्हणून सांगितलं होतं, पण वकिलाला तरी खरं कुठं सांगितलं होतं मी?

गवंडी: खरं काय?

होडीवाला: दिसली होती.

गवंडी: कोण?

होडीवाला: तुमची पोरगी. तिनं माझं मनगट धरलं होतं, दादा. तोंड पाण्याच्या वर होतं तिचं, काका म्हणाली मला. मी झटकलं.

गवंडीण: काय म्हणाला तो?

गवंडी: तू मध्ये पडू नकोस.

गवंडीण: नाही, परत बोलू दे त्याला. काय म्हणालास?

होडीवाला: झटकलं म्हणालो. एकदा झटकून सुटलं नाही. पोरीच्या हाताला ताकद होती. मग पाय लावला.

गवंडी: अगं, खाली बस. बस तू. पाणी आणू का?

गवंडीण: पाणी? कुंडभर पाणी आहे की. बाहेर गाणं सुरू झालंय. उतरा.

गवंडी: ऐक माझं…

गवंडीण: उतरा म्हणते ना! त्याला घ्या आत. मी आहे साक्षीला.

होडीवाला: येतो. मी येतो, वहि… येतो. आई गं, गार आहे.

गवंडी: जपून. पायरी निसरडी आहे.

होडीवाला: आता पडलो तरी काय मोठंसं.

गवंडी: हात बांध छातीवर.

होडीवाला: बांधले. सोडणार नाही मी. अजिबात हलणार नाही. मनाशी पक्कं करून आलोय. तुम्ही तुमच्या सवडीनं करा.

गवंडी: दात वाजतायत तुझे.

होडीवाला: थंडीनं. … नाही. घाबरलोय.

गवंडी: तीही घाबरली असेल.

होडीवाला: हो. घाबरली होती.

गवंडीण: पाळकसाहेबांचे शब्द चाललेत. पित्याच्या… पुत्राच्या… झालं. आमेन झालं. अहो, आमेन झालं.

गवंडी: श्वास घे.

होडीवाला: नको, तसाच…

गवंडीण: गेलं डोकं खाली. … केससुद्धा दिसत नाहीत. … बाहेर कडवं संपलं. दुसरं लागलं. आपल्या मंडळीत इतका वेळ कुणाला ठेवत नाहीत. … मी काही म्हणत नाही. मी उभी आहे नुसती. … बुडबुडे येतायत. … अहो. … त्याचे हात सुटले. सोडणार नाही म्हणाला होता, सुटले बघा. अहो, तुमचं मनगट धरलंय त्यानं. दोन्ही हातांनी धरलंय. … अहो! ऐकताय का? बघा तरी खाली! काढा! चिमीचे बाबा, काढा त्याला वर, काढा!

गवंडी: ये. ये वर. खोक. खोकून टाक. मान खाली घाल, असं.

होडीवाला: का… का काढलंत?

गवंडी: तू धरलंस.

होडीवाला: मी नाही… मी ठरवलं होतं, हात सोडायचेच नाहीत.

गवंडी: ठरवलं मीही होतं. काल पोत्यावर हात बसवून घेतला होता. पण तू धरलंस, आणि मला झटकता येईना. केवढा जोर लावला होतास रे, बघ, नखं उमटलीत.

होडीवाला: तिनंही असंच धरलं होतं.

गवंडी: बोलू नकोस. कळलं मला ते आता. जन्मात विसरायचो नाही.

होडीवाला: म्हणजे माफ केलंत?

गवंडी: ठाऊक नाही. खोटं कशाला बोलू? हात झटकला नाही, आज एवढंच जमलंय. उद्याचं उद्या. हे मनगट मी रोज बघणार आणि रोज तुझा राग येणार, तो काही या पाण्यानं धुतला जात नाही.

होडीवाला: मग मी आता काय करू, दादा? वर येऊन काय करायचं याचा मी विचारच केला नव्हता.

गवंडी: आधी बाहेर जा आणि खरं सांग सगळ्यांना. छातीचं नाटक सांग आणि मनगटाचंही सांग.

होडीवाला: हाकलतील मला.

गवंडी: हाकलतील. काही जण तर मारायला उठतील. पाळकसाहेबांची पालवी राहील बाजूला. मी तुझ्या शेजारी उभा राहतो, मग माझंही सांगतो. मी या पाण्यात कशाला उतरलो होतो तेही मंडळीला कळू दे.

होडीवाला: तुम्ही कशाला? तुम्ही काही केलं नाही.

गवंडी: केलं नाही, पण किती वेळ दाबून धरला होता ते तुझ्या फुप्फुसांना विचार. चल, पायरी धर. गाणं संपत आलं. तिसऱ्यांदा तेच कडवं म्हणतायत बिचारे.

गवंडीण: अहो.

गवंडी: काय गं? का रडतेस? झालं ना, आला तो वर.

गवंडीण: टॉवेल एकच आणलाय मी.

गवंडी: बघितलं.

गवंडीण: घरून निघताना दोन काढले होते. मग एक परत कपाटात ठेवला. माझ्या या हातांनी ठेवला.

गवंडी: बघितलं होतं मी ठेवताना. … दे, त्याला दे तो.

गवंडीण: घे रे. डोकं पूस आधी. गारठशील.