हडतालवाला सीन

मला डायरेक्टर म्हणून चिडवता ना, मग हेही ऐका. बाबांची मिल बंद पडली, तेव्हा तिच्यावर व्हिडिओ पिक्चर काढायचं माझ्या डोक्यात बसलं. ॲक्टर म्हणजे बाबा आणि त्यांच्यासारखेच घरी बसलेले मिलवाले. कॅमेऱ्यावर पप्पू, एरवी लग्नांचं शूटिंग करणारा. मी पहिल्याच दिवशी बजावलं, "पिक्चर माझ्या डोक्यात पूर्ण तयार आहे. सल्ले नकोत."

शेवटच्या सीनमध्ये सगळ्यांनी बंद गेटसमोर रडायचं होतं. बाबा युनियनचे जुने लीडर. म्हणाले, "गेटवर आम्ही कधी रडलो नाही. आधी मीटिंग घेऊ, हात वर करून ठरवू."

"बाबा, पिक्चर वोटिंगने नाही बनत."

"मग हडताल."

सगळे खरोखरच गेटसमोर ठाण मांडून बसले आणि माझ्या नावाने सुरू झाले, "तानाशाही नहीं चलेगी." मी पप्पूला म्हटलं, कॅमेरा बंद कर.

"भिया, लग्नात मारामारी झाली तरी मैं बंद नहीं करता. पैसे देणारी पार्टी बाद में वही देखती है."

रडायचा सीन झालाच नाही, म्हणून शेवटी हडतालच जोडली आणि गणपतीत मंडळात पिक्चर दाखवला. माझ्या सीनना लोक चहाला उठले. हडताल आली तशा टाळ्याच टाळ्या, सगळ्यांना वाटलं घोषणा मिलमालकाविरुद्ध आहेत. कुणीतरी विचारलं, "भिया, ये सीन किसका आइडिया था?"

बाबा शेजारीच बसले होते. मी जपून म्हटलं, "माझ्याशिवाय तो झालाच नसता."

बाबांनी ताबडतोब हात वर करून अनुमोदन दिलं.