पापण्या आणि मीठ

सौंदर्यासाठी माणूस कोणताही त्याग करू शकतो. दवाखान्यात काळा चष्मा लावून बसलेल्या बाईंनी पापण्यांचं ऑपरेशन केल्यापासून मीठ सोडलं होतं. चष्मा जरा वर करून त्या शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीला तपशील पुरवत होत्या.

“ताई, सूज पार उतरलीय की गं!”

“उतरेल नाही तर काय! वाइन बंद, वेफर्स बंद, भाजीत मिठाचा कण नाही. नुसतं पाणी ढोसतेय.”

“भाऊजी परतले ना काल? ऑपरेशनचं सांगितलंस?”

“मुद्दामच नाही. म्हटलं, आपणहून ओळखतात का बघू. चष्मा काढूनच वाढलं.”

“मग?”

“पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिले.”

“अय्या! ओळखलं?”

“म्हणाले, ‘भाजी अळणी झालीय.’”

“मग तू काय केलंस?”

“मीठ दिलं.”